हमीद उस्तादांची गिनती

तिसऱ्या फेरीची घंटा मी बारा सेकंद आधी वाजवली. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या कोणाला नाही. त्या घंटेनं दोन माणसांचं नुकसान झालं. त्यातले एक, हमीद उस्ताद, गेल्या वर्षी गेले. आधी त्यांच्याविषयी लिहितो. घंटेचं त्यातच येईल.

उस्ताद वाशीमला बाजाराच्या मागच्या गल्लीत गाद्या भरायचे. त्यांच्या दुकानासमोरच्या माडीवर मी भाड्यानं राहायचो. एका खाजगी शाळेत मी खेळाचा शिक्षक होतो, तोही तात्पुरता. दरवर्षी उन्हाळ्यात सुटी लागली की पुढच्या वर्षी ठेवतील की नाही याची काळजी सुरू व्हायची. उस्ताद तेव्हा पन्नाशीचे असतील. उंच, हडकुळे, पापण्यांवर आणि कानांच्या केसांवर कायम कापसाचं भुरकं. ते नमाजाला बसायच्या आधी त्यांची बायको त्यांना अंगणात उभं करून कपड्यानं झटकायची. तेव्हा ते दोन्ही हात वर करून उभे राहत आणि म्हणत, "मास्तर, पाहून घ्या, जिंकलो मी."

पिंजायची मशीन गल्लीत येण्याआधी ते धुनकीवर काम करत. धुनकी म्हणजे माणसाएवढी लांब कमान. तिला ताणलेली तार, आणि त्या तारेवर लाकडी मोगरीचा ठोका. तार थरथरली की कापूस उडून मोकळा होतो. त्यांचा ठोका ऐकून मी झोपेतून उठायचो. सेकंदाला दोन, ना कमी ना जास्त. त्यांच्या हातात घड्याळ कधीच नव्हतं. दुकानात होतं ते एक मोडकं, फक्त कॅलेंडरचा खिळा झाकायला लावलेलं. पण चूल विझवायची कधी, बस यायला किती वेळ, सगळं ते ठोक्यांत सांगत. "चहा उकळाले पाचशे ठोके लागतेत. चारशेले उतरवला तं वामनचा चहा होते." वामन म्हणजे शेजारचा चहाटपरीवाला. तो हे रोज ऐकायचा आणि रोज चिडायचा.

या दुकानाच्या मागं एक पत्र्याची शेड होती. तिथं संध्याकाळी उस्ताद पोरांना बॉक्सिंग शिकवत. मारायच्या पिशव्या त्यांनी स्वतः शिवलेल्या, लोकांच्या जुन्या गाद्यांतला निकामी कापूस ठासून. शिकायला यायची ती बहुतेक गरिबाची पोरं. फी नव्हती, फक्त शेड झाडायची. स्वतः उस्ताद बॉक्सिंग कुठं शिकले याच्या ते तीन गोष्टी सांगत आणि तिन्ही वेगळ्या. एकीत नागपूरची गिरणी होती, दुसरीत पलटणीतून पळालेला एक शिपाई, तिसरी मला आठवत नाही. खरी कोणती, हे मी कधी विचारलं नाही. त्यांचा डावा हात मात्र तिन्ही गोष्टींत बसेल एवढा खरा होता.

पण गल्लीत उस्तादांचं नाव होतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. ते जोड्या लावत. एकाच काळातल्या बॉक्सरांच्या नाही. वेगवेगळ्या काळातल्या जगज्जेत्यांच्या. पन्नास वर्षांपूर्वीचा एक आणि आजचा एक, समोरासमोर आले तर काय होईल? कात्रणं, जुनी मासिकं, कोणीतरी दिलेली एक फाटकी इंग्रजी चोपडी, असा त्यांचा सगळा साठा एका उशीच्या खोळीत असायचा. इंग्रजी ते वाचत नसत. फोटो वाचत. पाय कुठं ठेवलेत, हनुवटी किती खाली आहे, यावरून माणूस ओळखत.

त्यांचा पहिला नियम असा की नाव घ्यायचं नाही.

"नाव घेतलं का फैसला झाला समज," ते म्हणत. "लोक मंग नावाले टाळ्या देतेत. ठोसा कोणी पायतच नाही."

म्हणून त्यांच्याकडं जगज्जेत्यांना नावं नव्हती. ज्याच्या लढती लोकांनी रेडिओवर ऐकल्या तो रेडिओवाला. ज्याच्या पाहिल्या तो टीव्हीवाला. अलीकडचा मोबाइलवाला. रेडिओच्याही आधीचा एक होता, त्याला ते तारवाला म्हणत. त्याच्या जिंकण्याची बातमी तारेनं यायची म्हणून.

दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की दोन उशा ते समोरासमोर ठेवत. रेडिओवाल्याची उशी आखूड आणि गच्च, टीव्हीवाल्याची लांब आणि हलकी. तीन पंच लागायचे. एक वामन, एक मी, आणि तिसरा जो कोणी त्या वेळी दुकानात असेल तो. उस्ताद तोंडानं लढत सांगायचे, आम्ही प्रत्येक फेरीचे गुण कागदावर लिहायचो.

"उस्ताद, टीव्हीवाल्यासमोर तुमचा रेडिओवाला दोन राउंड टिकत नाही," वामन एकदा म्हणाला. "लिहून घ्या."

"काहून?"

"काहून म्हंजे? टीव्हीवाला नाचते किती! त्याले हात तं लागला पायजे."

"कोणाच्या जमान्यात?"

"आँ?"

"लढत कोणाच्या जमान्यात ठेवून राह्यला तू? रेडिओवाल्याच्या जमान्यात पंधरा राउंड होते. हातमोजे येवढुशे. दहाव्या राउंडले तुया नाचऱ्याचे पाय नाचतीन का?"

"मंग आजच्या जमान्यात ठेवा."

"ठेवू न. पण मंग रेडिओवाल्याले लहानपणापासून तेवढंच दूध पाजा, जेवढं टीव्हीवाल्यानं पेलं. तेवढी झोप द्या. तेवढा डॉक्टर द्या. मंग लढवा."

"तेवढं दूध पाजता पाजता माही टपरी बंद पडन उस्ताद."

"बंद पडू दे. लोकायचं पोट तरी सुधरन."

म्हणून प्रत्येक जोड दोनदा व्हायची. एकदा जुन्याच्या जमान्यात, एकदा नव्याच्या. दोन्हीकडं एकच जण जिंकला तरच तो जिंकला. फेरीच्या गुणांत बरोबरी त्यांना चालत नसे. बरोबरी म्हणजे पंचाचा आळस, असं ते म्हणत. आणि पंचांनी आधी लिहायचं, मग बोलायचं. वामननं लिहायच्या आधी तोंड उघडलं तर त्याचा कागद बाद. वामनचा कागद बहुतेक वेळा बादच असायचा.

एकदा मुलीच्या लग्नाच्या गाद्या न्यायला एक शेतकरी आला. लग्न दोन दिवसांवर. तो दारातच ओरडला, "उस्ताद, गाद्या?"

"चौथा राउंड चालू हाये भाऊ. बसा. तुमाले पंच केलं."

"मले? मले त्यातलं काई समजत नाही."

"तेच पायजे. ज्याले समजते तो अगोदरच ठरवून येते."

तो माणूस तारवाला आणि टीव्हीवाला यांची लढत तास-दीड तास ऐकत बसला. शेवटी आमच्याशी भांडला, की तारवाल्यानं सातव्या फेरीत कमरेखाली मारलं आणि तुम्ही कोणी पाहिलं नाही. उस्तादांनी ते मान्य केलं. एक गुण कापला. निकाल उलटला. माणूस खूश होऊन निघून गेला, गाद्या न घेताच. दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादांनी स्वतः हातगाडीवर गाद्या त्याच्या घरी पोचवल्या.

हे सगळं चालू असताना फेऱ्यांचा वेळ उस्ताद मनात मोजत. बोलत असायचे, आमच्याशी वाद घालत असायचे, पण जीभ आत टाळूला लागत राहायची. तीनशे साठ ठोके झाले की बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून म्हणायचे, "घंटा." एकदा मी शाळेतलं स्टॉपवॉच खिशात लपवून आणलं आणि सात फेऱ्या मोजल्या. सगळ्यांत मोठी चूक एका सेकंदाची निघाली. मी त्यांना दाखवलं तर ते रागावले.

"माही गिनती तपासून राह्यले मास्तर?"

"गंमत केली उस्ताद."

"गंमत नका करू. यावर पोट्टे लढतेत माहे."

ते खरं होतं. त्यांची शिकवायची पद्धतच त्या गिनतीवर उभी होती. त्यांची पोरं दिसायला बारीक, दूध कमी प्यालेली. तिन्ही मिनिटं मारत राहिली तर थकायची. म्हणून उस्तादांनी त्यांना शिकवलं होतं, की फेरीभर हात राखून लढायचं, अंतर ठेवायचं, दम वाचवायचा. फेरीची शेवटची वीस सेकंद उरली की कोपऱ्यातून उस्ताद ओरडणार, "आता!" मग जे असेल ते सगळं ओतायचं. घंटा होईपर्यंत थांबायचं नाही. पंचांच्या डोळ्यांत शेवटचं तेवढं राहतं. त्या वेळी जिल्ह्याच्या स्पर्धेला भिंतीवर घड्याळ दिसत नसे. वेळ एकाच माणसाच्या हातात असायचा. बाकी सगळे अंदाजावर, आणि उस्ताद ठोक्यांवर.

त्यांच्या पोरांतला सगळ्यांत चांगला गजानन. कामरगावचा. वाशीमला वसतिगृहात राहून कॉलेज करायचा. हात आखूड, चेहरा भोळा, अंगावर घेतलेल्या ठोशाचं काही वाटत नाही असा. त्याच्याकडं एक गुण असा होता जो मी नंतर कोणत्याच पोरात पाहिला नाही. थांब म्हटलं की तो थांबायचा. समोरचा दोन मारून गेला, तीन मारून गेला, लोक ओरडताहेत, तरी उस्तादांचा आवाज आल्याशिवाय तो उसळायचा नाही.

"गजू येडा नाही," उस्ताद म्हणत. "त्याचा भरवसा हाये."

त्या वर्षी गजानन जिल्ह्याच्या अंतिम लढतीत पोचला. जिंकला तर अमरावतीला विभागावर जाणार. तिथं काही झालं तर भरतीत खेळाडूची जागा मिळेल, अशी त्याच्या घरच्यांची आशा होती. वयाच्या हिशेबानं त्याचं ते शेवटचंच वर्ष. समोरचा मुलगा आमच्या शाळेचा. आणि आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा.

वेळाधिकारी म्हणून माझं नाव होतं. सकाळी अध्यक्ष हॉलच्या दारात भेटले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, पोराकडं ध्यान ठेवजा." बस, एवढंच. यात वाईट काय आहे? बापानं म्हणावं असंच आहे. मी ते वाक्य पुढं कितीतरी वेळा उलटून पाहिलं. त्यात काही नव्हतं. जे होतं ते माझ्यात होतं.

पहिली फेरी अध्यक्षांच्या मुलानं घेतली. दुसरी गजाननची, शेवटच्या वीस सेकंदांत. तिसऱ्या फेरीत मुलगा थकला होता पण पुढं होता. माझ्यासमोर टेबलावर पितळेची घंटा, हातात स्टॉपवॉच. मी काट्याकडं पाहत होतो. दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर काटा आला आणि त्याच क्षणी कोपऱ्यातून उस्तादांचा आवाज आला, "आता!"

अर्धा सेकंदही इकडंतिकडं नाही. एवढ्या गोंगाटात, एवढ्या ताणात. ते किती अचूक होतं हे त्या हॉलमध्ये फक्त एकाच माणसाला कळू शकत होतं, आणि तो मी होतो.

गजानन उसळला. पहिल्या तीन-चार ठोशांतच मुलाचे हात खाली आले. तो दोरांवर गेला. त्याचे गुडघे वाकायला लागले. मी समोरच्या रांगेत अध्यक्षांकडं पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. माझा हात घंटेवर होता. दोन अठ्ठेचाळीसला मी घंटा वाजवली.

मुलाला इजा होईल म्हणून वाजवली, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. त्यासाठी रिंगमध्ये पंच होता. तो तीन फुटांवर उभा होता आणि त्याला काही धोक्याचं दिसलं नव्हतं.

निकाल गुणांवर गेला. दोन विरुद्ध एक. अध्यक्षांचा मुलगा जिंकला.

गजानन कोपऱ्यात आला. उस्ताद त्याचे हातमोजे सोडवू लागले. मी टेबलाशी बसलो होतो, चार पावलांवर. गजानन त्यांना कधी उलट बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला.

"आवाज कवा देल्ला तुमी उस्ताद? मी चार मारले नाही तं घंटा!"

"बेटा, वीस सेकंद..."

"कायचे वीस? झोपले होते का तुमी?"

उस्ताद माझ्याकडं आले. त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. दुकानात वाद झाला की ते पंच म्हणून माझं मत विचारत, तसंच विचारलं.

"मास्तर, तीन मिनिटं पुरे झाले होते?"

मी म्हणालो, "हो."

घंटा वाजवताना मी विचार केला नव्हता. 'हो' म्हणताना केला होता. तेवढा वेळ होता माझ्याकडं.

उस्तादांनी मान हलवली. ते परत गजाननकडं गेले आणि म्हणाले, "मीच चुकलो बेटा. गिनती चुकली माही."

गजानन त्याच संध्याकाळी कामरगावच्या गाडीत बसला. परीक्षेपुरता वाशीमला यायचा, पण गल्लीत आला नाही. पुढं त्यानं गावात वेल्डिंगचं दुकान टाकलं असं कळलं. मी जूनमध्ये कायम झालो. तसाही झालो असतो, असं एका कारकुनानं नंतर सहज बोलताना सांगितलं; माझी फाइल जानेवारीतच मंजूर झालेली होती.

उस्तादांनी शेड लगेच बंद केली नाही. पोरं यायची. पण ते कोपऱ्यातून ओरडेनासे झाले. "आता" हा शब्दच त्यांनी सोडला. शेवटी कोणी विचारलं तर म्हणत, "तुमाले वाटन तवा मारा." पोरांना वाटायचं तेव्हा पोरं मारायची आणि दुसऱ्या फेरीत थकायची. वर्ष-दीड वर्षात शेडमध्ये कापसाची पोती आली.

दुकानात त्यांनी नवं भिंतीचं घड्याळ लावलं. पिंजता पिंजता तीनशे साठ मोजायचे आणि मान वळवून घड्याळ बघायचे. बरोबर तीन मिनिटं झालेली असायची. "आज जमलं," असं म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पुन्हा बरोबर.

"रोजच जमते उस्ताद," मी एकदा म्हणालो.

"घरी जमते मास्तर. तथी नाही जमलं."

मग मशीन आली. मशीनचा आवाज सलग असतो. त्यात मोजायला काही नसतं.

मी पुढं संस्थेच्याच जऊळक्याच्या शाळेत बदलून गेलो, पण राहायला वाशीमलाच होतो, दुसऱ्या भागात. पंधरा दिवसांनी, महिन्यानं दुकानात जायचो. जोड्या अधूनमधून लागायच्या. वामन आता मोबाइलवर लढती दाखवायचा आणि उस्ताद चष्मा कपाळावर ढकलून पाहायचे. वामन म्हातारा झाला होता आणि आधीपेक्षा जास्त बोलायचा.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दुपारी वामननं जिल्ह्यातल्या एका नव्या विजेत्याची लढत दाखवली. चांगला मुलगा होता. उंच, शिकवलेला, खाऊन-पिऊन असलेला. उस्तादांनी लढत दोनदा पाहिली आणि मोबाइल परत दिला.

"याच्यासमोर गजू ठेवू," ते म्हणाले.

जोड लावताना त्यांनी नाव घेतलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वामननंही ते ऐकलं.

"कोणाच्या जमान्यात?" मी विचारलं.

"गजूच्या. त्याच दिवशीचा गजू. तोच हॉल." त्यांनी दोन उशा काढल्या. मग म्हणाले, "टाइम तुमी पाहा मास्तर. माह्या गिनतीचा भरवसा नाही."

मी मोबाइलवर घड्याळ लावलं. पहिल्या दोन फेऱ्या त्यांनी सांगितल्या. पूर्वीसारख्याच, कोणाची बाजू न घेता. नव्या मुलाचे लांब हात, त्याचे ठोसे, गजूचं मागं सरणं. तिसऱ्या फेरीत त्यांचा आवाज बदलला. दोन चाळीसला मी म्हणालो, "वीस उरले उस्ताद." आणि वर्षानुवर्षं न बोललेला शब्द ते हळूच बोलले, "आता."

मग त्यांनी गजूचे ठोसे सांगायला सुरुवात केली. एकेक. डावा, डावा, उजवा, पोटात, पुन्हा डावा. तीन मिनिटं झाली. मी घंटा म्हटलं नाही. त्या वेळी मला असं वाटलं की मी काही परत करतोय. बारा सेकंद जास्त द्यायची ठरवली. उस्ताद सांगत होते, नवा मुलगा दोरांवर गेला होता, आणि एकाएकी ते मध्येच थांबले. जीभ टाळूला लागलेली मला दिसली.

"घंटा नाही झाली?"

"अजून नाही," मी म्हणालो.

"माह्या हिशोबानं तं झाली." ते उशांकडं बघत राहिले. "पाय वामन, तवा उशिरा मोजलं, आता लवकर मोजून राह्यलो. डोकंच गेलं माहं."

"वय झालं उस्ताद," वामन म्हणाला. त्याचा हेतू वाईट नव्हता.

मी घंटा म्हटलं. पण त्यांनी निकाल लावला नाही. पंचांचे कागद मागितले नाहीत. दोन्ही उशा उचलून फळीवर ठेवल्या, गिऱ्हाइकाच्या असल्यासारख्या. त्यानंतर मी असताना जोड लागली नाही. वामन म्हणतो, नसतानाही लागली नाही.

ज्या माणसाचं घड्याळ मी एकदा बिघडवलं होतं, ते मी दुसऱ्यांदाही बिघडवलं, आणि ते भरपाई म्हणून. दोन्ही वेळा त्यांची गिनती बरोबर होती. मला तेवढं एकच वाक्य बोलायचं होतं. बारा सेकंदही लागले नसते.

उस्तादांची बायको वारल्यावर मुलीनं त्यांना अकोल्याला न्यायचं ठरवलं. दुकान भाच्याला दिलं. निघायच्या दिवशी मी स्टेशनवर गेलो. माझी शाळा जऊळक्याला, गाडी तीच. मी ठरवून गेलो होतो. वाशीम ते जऊळका, तेवढ्या वेळात सांगायचं.

त्यांच्याकडं एक ट्रंक, एक पिशवी आणि काखेत एक उशी होती.

"मुलीच्या घरी स्पंजाच्या उशा हायेत," ते म्हणाले. "त्यावर झोपलं तं डोकं वर यिऊन राह्यते, पाण्यात बुडाल्यावानी."

जावई सामान लावत होता. आम्ही खिडकीशी समोरासमोर बसलो. गाडी सुटली. उस्ताद बोलत होते. अकोल्यात मशिदीजवळ घर आहे, नातू व्यायामशाळेत जातो, त्याला रेडिओवाला माहीत नाही. मी तोंड उघडलं की ते काही नवीन काढायचे. मुद्दाम नाही. म्हातारी माणसं प्रवासात बोलतात तसं. तुरीची शेतं मागं गेली. एक मोठा पूल गेला.

जऊळका जवळ आलं तेव्हा तेच थांबले. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मास्तर, एक काम करा. कामरगावले जाणं झालं तं गजूले भेटजा. त्याले सांगजा, आवाज मी उशिरा देल्ला. त्याचं काई चुकलं नाही. माह्या तोंडून सांगाचं होतं, पण तो येत नाही अन् मले जाणं होत नाही."

"उस्ताद, तुम्ही उशिरा..."

"होय न, उशिराच. तुमी तं तथीच होते. घड्याळ तुमच्या हातात होतं." मग म्हणाले, "तुमच्या तोंडून ऐकलं तं तो मानन."

गाडी थांबली. जऊळक्याला ती फार थांबत नाही. मी उतरलो. खिडकीपाशी उभा राहिलो. जावई कडेला बसून मोबाइलवर बोलत होता. उस्तादांनी उशी खिडकीच्या गजाला टेकवली, तिच्यावर डोकं ठेवलं, आणि मला जायची खूण केली, शाळेला उशीर होईल म्हणून. गाडी हलली. त्यांचे डोळे मिटलेले होते. कानांचे केस पांढरे होते, पण आता ते कापसानं नव्हे. एवढंच मी शेवटचं पाहिलं.

पुढच्या महिन्यात कामरगावला एका लग्नाला जाणं झालं. गजाननचं दुकान रस्त्यावरच आहे. डोळ्यांवरचा चष्मा काढून तो उभा राहिला. पोट सुटलंय, पण हात तसेच आखूड आणि जाड. मी निरोप दिला. जसा दिला होता तसाच, शब्द न बदलता. आवाज उस्तादांनी उशिरा दिला, तुझं काही चुकलं नाही.

हातातला चष्मा त्यानं टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "मले मालूम होतं मास्तर. पण त्यायनं म्हटलं, बरं वाटलं." चहा मागवला. माझ्याकडून नंबर घेतला आणि माझ्यासमोरच अकोल्याला फोन लावला.

"उस्ताद, गजू बोलून राह्यलो. जाऊ द्या आता ते. होते माणसाची चूक. मी माफ केलं तुमाले."

पलीकडून काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. गजानन डोळे पुसत होता. मी चहा पीत होतो.

त्यानंतर आठ महिन्यांनी उस्ताद गेले. जावयाचा फोन आला. मातीला मी पोचलो नाही.

मी अजून नोकरीत आहे. गजानन कामरगावात आहे, दुकान सकाळी नऊला उघडतो. त्याच्यासमोर उभं राहून मला सांगायचं आहे की घंटा मी आधी वाजवली, उस्तादांचा आवाज वेळेवर होता, आणि त्यानं ज्यांना माफ केलं त्यांचा काही गुन्हा नव्हता. ते मी अजून सांगितलेलं नाही.